सहा पत्ते, सातवा संगणक

चेन्नईच्या किनाऱ्याला लागलेल्या समुद्राखालच्या केबलींची यादी मोठी आहे. २००२ साली सिंगापूरहून आय-टू-आय आली, २००४ मध्ये टाटा इंडिकॉम केबल, मग सी-मी-वी ४, बे ऑफ बेंगॉल गेटवे, आणि १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेली अंदमान-निकोबारची २,३१२ किलोमीटरची केबल. मुंबईच्या खालोखाल देशाला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारं हे शहर. तरीही ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या कुठल्याही ऑफिसात एखाद्या लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा, तो बहुधा १० किंवा १९२.१६८ नेच सुरू झालेला दिसेल. हे खासगी पत्ते. ते ऑफिसच्या भिंतीबाहेर चालत नाहीत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा असा पत्ता पुसून त्या जागी सार्वजनिक पत्ता घालायचा आणि उत्तर आलं की उलटी अदलाबदल करायची, हे काम दारातला राउटर करतो. या कामाला नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन म्हणतात, बोलताना सगळे नुसतं नॅट म्हणतात.

नॅट तीन तऱ्हांनी लावतात. एका खासगी पत्त्याला एक सार्वजनिक पत्ता कायमचा बांधला की ते स्टॅटिक. अनेक खासगी पत्त्यांसाठी मोजक्या सार्वजनिक पत्त्यांचा साठा, म्हणजे पूल, ठेवला आणि मागेल त्याला तात्पुरता पत्ता दिला की डायनॅमिक. एकाच सार्वजनिक पत्त्यावर पोर्ट क्रमांक बदलून शेकडो संगणक चालवले की ओव्हरलोड, ज्याला पॅट असंही म्हणतात. यातल्या मधल्या प्रकाराकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. क्लासमध्ये तो स्टॅटिकहून ओव्हरलोडकडे जातानाची पायरी म्हणून शिकवतात आणि पुढे सरकतात. माझ्या मते मात्र नॅटचा सगळा प्रश्न याच प्रकारात उघडा दिसतो, कारण डायनॅमिक नॅट एका अंदाजावर उभं असतं. एका वेळी किती जण बाहेर बोलत असतील, हा तो अंदाज.

तो आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. नव्वदीच्या सुरुवातीलाच ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात नॅटची मांडणी केली. तात्पुरता उपाय म्हणूनच ती पुढे ठेवली होती आणि तिचा आधार साधा होता: एखाद्या संस्थेतले फार थोडे संगणक एका वेळी बाहेरच्या जगाशी बोलत असतात, म्हणून थोडे सार्वजनिक पत्ते सगळ्यांना आळीपाळीने पुरतील. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी पत्त्यांचे तीन पट्टे पक्के केले. त्यांतल्या १० ने सुरू होणाऱ्या एका पट्ट्यातच १,६७,७७,२१६ पत्ते आहेत.

त्या काळच्या मद्रासला हा अंदाज चपखल बसत होता. आयआयटी मद्रास १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या संस्थांपैकी एक, मुंबईच्या एनसीएसटीच्या आणि आयआयटी मुंबईच्या बरोबरीची. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत. डायल-अपवर ईमेल उतरवून लाइन तोडायची, अशी ती वापराची रीत. पण ४ जुलै २००० रोजी तरमणीत टायडेल पार्कचं उद्घाटन झालं, त्यापुढे सिरुसेरीपर्यंत कंपन्यांची रांग लागली आणि अंदाज मोडीत निघाला. आता लॅपटॉप उघडला की ईमेल, चॅट, अँटिव्हायरस, क्लाउडवरची फाइल सगळं आपणहून बाहेर बोलू लागतं. थोडेच जण बाहेर असतील हे गृहीत धरून केलेली योजना, सगळेच कायम बाहेर असलेल्या काळात आपण वापरतो आहोत. नॅटच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

मांडणी तशी चार पायऱ्यांची. सिस्कोच्या राउटरवरचं उदाहरण घेऊ. आत १९२.१६८.१०.० चं नेटवर्क आहे. सेवा देणाऱ्या कंपनीने पूलसाठी स्लॅश २९ चा छोटा ब्लॉक दिला आहे, त्यात वापरण्याजोगे पत्ते सहा. हा ब्लॉक मी २०३.०.११३ या पट्ट्यातून घेतलाय, कारण तो पट्टा फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. वाचून कुणी तसाच टाइप केला तरी कुणाच्या खऱ्या पत्त्याला धक्का लागणार नाही.

ॲक्सेस-लिस्ट १ परमिट १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५
आयपी नॅट पूल चेन्नई २०३.०.११३.१७ २०३.०.११३.२२ नेटमास्क २५५.२५५.२५५.२४८
आयपी नॅट इनसाइड सोर्स लिस्ट १ पूल चेन्नई

पहिली ओळ कुणाला पत्ता मिळू शकतो ते ठरवते, दुसरी देण्यासाठी काय आहे ते सांगते, तिसरी दोघांची गाठ मारते. चौथी पायरी इंटरफेसवरची: आतल्या इंटरफेसवर ‘आयपी नॅट इनसाइड’, बाहेरच्यावर ‘आयपी नॅट आउटसाइड’. व्हीलॅन असतील तर प्रत्येक सबइंटरफेसवर ‘इनसाइड’ वेगळं लिहावं लागतं आणि तेच राहून जातं. मग अकाउंट्स विभागाचं नेट चालतं, एचआरचं चालत नाही, आणि केबल बदलण्यात दुपार जाते. वाइल्डकार्ड मास्कची जागाही अशीच घसरडी. ०.०.०.२५५ ऐवजी सवयीने २५५.२५५.२५५.० टाइप झालं तर राउटर तक्रार करत नाही. पहिले तीन भाग काहीही असोत, शेवटचा शून्य हवा, असा तो अर्थ लावतो. असा पत्ता कुठल्याच संगणकाला नसतो, त्यामुळे यादी निमूट बसून राहते. कंटाळून ‘परमिट एनी’ लिहिणारेही भेटतात. सिस्को स्वतः ते टाळायला सांगते, कारण त्यामुळे नको ती वाहतूकही नॅटमध्ये ओढली जाते.

सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेचा २०० डॅश ३०१ हा अभ्यासक्रम २४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्यात स्टॅटिक आणि पूल वापरून नॅट मांडणं आणि पडताळणं, अशी दोन्ही कामं एकाच ओळीत मागितली आहेत. चेन्नईत या परीक्षेची तयारी करून घेणारे क्लास पुष्कळ, आणि ज्याला खरं यंत्र हाताळायचंय त्याला माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर सेकंडहँड राउटर आणि स्विच मिळतात. मांडणी सगळ्यांना पाठ असते. पडताळणी म्हटलं की पिंग लागला, झालं. पॅकेट ट्रेसरच्या लॅबमध्ये तीन पीसी आणि भरपूर पत्त्यांचा पूल असतो, त्यामुळे पूल संपताना विद्यार्थी कधी बघतच नाही. शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पूल संगणकांपेक्षा लहान ठेवा. सहा पत्ते आणि सात संगणक. सातव्या संगणकाशी जे घडतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की डायनॅमिक नॅट कळतं.

राउटर नुकताच मांडला आहे. ‘शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स’ दिलं तर काहीच दिसत नाही. नवा माणूस इथेच घाबरतो आणि मांडणी पुन्हा टाइप करतो. स्टॅटिक नॅटची नोंद तक्त्यात लगेच दिसते. डायनॅमिकची नोंद पहिलं पॅकेट बाहेर पडल्याशिवाय तयारच होत नाही. आता १९२.१६८.१०.११ वरून बाहेरच्या सर्व्हरला पिंग केला. तक्त्यात ओळ उमटली: इनसाइड लोकल १९२.१६८.१०.११, इनसाइड ग्लोबल २०३.०.११३.१७. आतला खरा पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता, अशी ही जोडी. दुसऱ्या संगणकाला १८ मिळाला, तिसऱ्याला १९, असं करत सहाव्याला २२. सातव्याने पिंग केला आणि पडद्यावर डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल आलं. हे उत्तर कुणाकडून आलं ते वाचा. ते बाहेरच्या सर्व्हरकडून आलेलं नाही, आपल्याच राउटरच्या आतल्या इंटरफेसवरून आलंय. पॅकेट दारातच थांबलं.

कारण ‘शो आयपी नॅट स्टॅटिस्टिक्स’मध्ये मिळतं. तिथे मिसेस हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही जागी त्याचा अर्थ वेगळा. वरच्या भागातला मिसेस म्हणजे तक्त्यात नोंद सापडली नाही म्हणून नवी करायला घ्यावी लागली, असे प्रसंग. प्रत्येक नव्या संगणकामागे तो वाढतो, त्यात बिघाड काही नाही. खाली पूलच्या ओळीत एकूण पत्ते ६, दिलेले ६, म्हणजे १०० टक्के, आणि पुढे पुन्हा मिसेस. हा आकडा म्हणजे पत्ता मागितला पण देता आला नाही. वरचा आकडा बघून हवालदिल झालेले आणि खालचा न बघताच उठलेले, दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. अंदाज चुकल्याची बातमी देणारा आकडा खालचा.

पहिल्या सहा जणांनी काम संपवलं तरी सातव्याचं नशीब लगेच उघडत नाही. साध्या डायनॅमिक नोंदीची मुदत न बदलल्यास ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण २४ तास, आणि नोंद वापरली गेली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू. सकाळी एकदा पिंग करून दिवसभर मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाचा पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याच नावावर पडून असतो. ‘आयपी नॅट ट्रान्सलेशन टाइमआउट’ देऊन ही मुदत तासाभरावर आणता येते. ‘क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन’पुढे तारांकन दिलं तर तक्ता तिथल्या तिथे रिकामा होतो, पण चालू असलेली सगळी कामंही तुटतात, तेव्हा कामाच्या वेळेत हा मार्ग नको. पूल वापरात असताना तो काढून टाकायला गेलं तर राउटर नकार देतो. त्यामागचं कारणही तक्त्यातल्या जिवंत नोंदी.

याहून अवघड तक्रार वेगळी: तक्त्यात नोंद आहे, पूलमध्ये जागा आहे, तरी नेट नाही. अशा वेळी ‘डीबग आयपी नॅट’ कामाला येतं, अर्थात गर्दीच्या राउटरवर ते जपून वापरायचं. बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या ओळीत स्रोत १९२.१६८.१०.११ चा २०३.०.११३.१७ झालेला दिसतो. लगेच खाली परतीची ओळ यायला हवी, जिच्यात गंतव्य १७ चं पुन्हा १०.११ होतं. जाणाऱ्या ओळी दिसताहेत आणि येणारी एकही नाही, तर आपल्या नॅटचं काम चोख झालंय. उत्तराला घरची वाट माहीत नाही. पूलचा ब्लॉक आपल्या राउटरकडे वळवणारा रूट सेवा देणाऱ्या कंपनीने घातलेलाच नसतो. पूलचे पत्ते बाहेरच्या इंटरफेसच्याच नेटवर्कमधले असतील तर राउटर त्यांच्यासाठी एआरपीला स्वतः उत्तर देतो आणि काम निभतं. वेगळा ब्लॉक असेल तर समोरच्या बाजूचा रूट लागतोच. हा प्रश्न लाइन घेतानाच, ब्लॉक हाती येतो त्याच दिवशी विचारावा. आणि जाणारी ओळही दिसत नसेल तर आधी डिफॉल्ट रूट बघावा, कारण आतून बाहेर जाताना राउटर आधी वाट ठरवतो, मग पत्ता बदलतो. वाटच नसेल तर पत्ता बदलण्याची वेळ येत नाही.

चेन्नई आणि पुणे अशी दोन ऑफिसं आयपीसेक टनेलने जोडलेली असतील तर आणखी एक खोच आहे. टनेलमध्ये जाण्याआधी नॅट होऊन जातं. मग पुण्याच्या सर्व्हरकडे निघालेल्या पॅकेटचा स्रोत बदलतो, टनेलच्या यादीशी ते जुळत नाही आणि उघड्या इंटरनेटवर निघून जातं. पुण्याकडची वाहतूक विस्तारित ॲक्सेस लिस्टमध्ये सगळ्यांत वर ‘डिनाय’ करून ठेवायची, हा त्यावरचा इलाज.

नॅट लावलं म्हणजे सुरक्षा झाली, हा समज मात्र धोक्याचा आहे. साध्या डायनॅमिक नॅटमध्ये १०.११ ला १७ मिळाला की ती नोंद जिवंत असेपर्यंत बाहेरचा कुणीही १७ वर पॅकेट पाठवून १०.११ पर्यंत पोहोचू शकतो. अडवायचं असेल तर वेगळी ॲक्सेस लिस्ट किंवा फायरवॉल हवी.

गाठ मारणाऱ्या तिसऱ्या ओळीला शेवटी ‘ओव्हरलोड’ जोडलं की सातव्याची अडचण मिटते. आता नोंद पत्त्याची नसते, पत्ता आणि पोर्ट यांची असते, आणि पोर्ट १६ बिटांचे, म्हणजे एका पत्त्यामागे ६५,५३६. मुदतीही वेगळ्या लागू होतात: यूडीपी ५ मिनिटं, डीएनएस १ मिनिट, टीसीपी जोडणी नीट बंद झाली तर १ मिनिट, नाहीतर तेच २४ तास. पूलमध्ये अनेक पत्ते असले तरी राउटर आधी पहिला पत्ता भरत जातो. लिनक्समध्ये जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलपासून नेटफिल्टर हेच काम करतं, फक्त तक्त्याला तिथे कॉनट्रॅक म्हणतात. पण अंदाज ओव्हरलोडलाही चुकलेला नाही. माणसं मोजायची ती आता जोडण्या मोजायच्या, एवढाच फरक.

चेन्नईपुरती एक परीक्षा इथलं हवामान घेतं. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. डिसेंबर २०१५ चा पूर, १२ डिसेंबर २०१६ चं वरदा चक्रीवादळ, डिसेंबर २०२३ चं मिचाँग, या प्रत्येकाने शहराची वीज आणि लाइनी तोडल्या. म्हणून इथली शहाणी ऑफिसं दोन कंपन्यांच्या लाइनी घेतात. पण पूलचे पत्ते पहिल्या कंपनीचे असतात. लाइन पडली, रूट दुसरीकडे वळला, आणि नॅट जुन्याच पत्त्यांवर चालू राहिलं, तर दुसरी कंपनी ती पॅकेट टाकून देते किंवा उत्तरं मेलेल्या लाइनीकडे जातात. त्यासाठी प्रत्येक लाइनीचा स्वतंत्र पूल आणि कोणत्या इंटरफेसमधून बाहेर पडतोय ते पाहून पूल निवडणारा रूट-मॅप लागतो. शिवाय लाइन बदलताच जुन्या नोंदी पुसायची सोय हवी, नाहीतर त्या मुदत संपेपर्यंत चिकटून बसतात. याची पडताळणी एकाच पद्धतीने होते: सप्टेंबरात, सुट्टीच्या दिवशी, पहिल्या लाइनीची केबल हाताने काढायची आणि तक्ता बघायचा. पावसात पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

थोडे पत्ते अनेकांना पुरवण्याचा प्रश्न शहराच्या पातळीवर गेला तो पत्ते खरोखर संपल्यावर. जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि आशिया-पॅसिफिकचा सर्वसाधारण साठा १५ एप्रिल २०११ रोजी. त्यानंतर या विभागाचे पत्ते वाटणाऱ्या एपनिककडून नव्या मागणीदाराला फार तर १,०२४ पत्ते मिळायचे. २०१९ पासून ५१२. मोहल्ल्यातल्या केबलवाल्याने इंटरनेट सेवा सुरू केली तर हजारो घरांना ५१२ पत्ते कसे पुरवणार? म्हणून नॅट कंपनीच्या पातळीवर गेलं, त्याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा ४१,९४,३०४ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला गेला. घरच्या राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर आपण दुहेरी नॅटमागे आहोत, हे समजावं. गावी गेल्यावर मोबाइलवरून घरचा सीसीटीव्ही लागत नाही, त्याचं कारण अनेकदा हेच. पोर्ट फॉरवर्डिंग आपल्या राउटरवर कितीही केलं तरी वरचा राउटर आपल्या हातात नसतो.

इथेही पूल आहे आणि अंदाजही. सुरुवातीचे १,०२४ पोर्ट सोडले तर एका पत्त्यावर ६४,५१२ उरतात. ते ६४ घरांत वाटले तर घरटी १,००८. फोन, टीव्ही, लॅपटॉप मिळून एखादं गजबजलेलं घर त्या मर्यादेला टेकलं की पानं अर्धवट उघडतात, फोटो येत नाहीत, आणि स्पीड टेस्ट मात्र उत्तम दाखवते. ग्राहकाला कुणी खरं कारण सांगत नाही. किती घरांमागे एक पत्ता आहे, हे कंपन्यांनी वेगासारखंच उघड सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि पडताळणीला इथे कायद्याचा अर्थ येतो. एका पत्त्यामागे ६४ घरं असताना गुन्ह्याच्या तपासात नुसता आयपी पत्ता मिळाला तर तो ६४ दारं दाखवतो. कोणत्या सेकंदाला कोणता पोर्ट कुणाकडे होता, हे नॅटच्या लॉगमध्येच असतं. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यात बदल करून अशा नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितल्या. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवणं बंधनकारक केलं. घड्याळाची ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लॉगची वेळ मिनिटभर पुढे-मागे असेल तर भलत्याच घराचं दार वाजतं. समोरच्या वेबसाइटनेही येणाऱ्या जोडणीचा पोर्ट लिहून ठेवायला हवा, ही शिफारस जून २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये आहे, पण कित्येक सर्व्हरचे लॉग आजही नुसता पत्ता लिहितात. मग कंपनीकडचा लॉग कितीही नेटका असला तरी जोडून बघायला दुसरं टोक उरत नाही.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीने पत्त्यांची टंचाईच संपवली आहे. दूरसंचार विभागाचा पहिला आराखडा जुलै २०१० चा, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू करताना सहावी आवृत्ती पायाशी ठेवल्यापासून भारत तिच्या वापरात जगात आघाडीवर आहे. पण बँका, सरकारी पोर्टलं आणि ऑफिसांचे व्हीपीएन जिथे अजून फक्त चौथ्या आवृत्तीवर आहेत, तिथे सहाव्या आवृत्तीच्या फोनला पोहोचवायला नॅट६४ लागतं. त्याची मांडणी ज्याने सहा पत्त्यांचा पूल मांडलाय त्याला ओळखीची वाटेल: कुणाला द्यायचं त्याची यादी, चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा पूल, दोघांची गाठ आणि तक्त्यातल्या नोंदींच्या मुदती. तिथला पूल भरला तरी सातव्यासारखाच एखादा फोन दारात थांबतो, आणि त्याचं कारण ‘शो नॅट६४ स्टॅटिस्टिक्स’मध्ये शोधावं लागतं.